हाकेच्या अंतरावर

परीक्षितने नऊ वर्षं अमेरिकेत, आमच्या श्रूजबरीच्या घराच्या गॅरेजमध्ये मूजच्या मादीचा आवाज काढला. मूज म्हणजे घोड्याहून उंच, अंगाने रेड्यासारखं हरीण. मादीच्या हाकेला नर येतो, आणि उत्तरेकडच्या मेन राज्यात त्याच्या शिकारीचं परमिट लॉटरीने मिळतं. ते लागेल तेव्हा तयारी हवी, म्हणून हा कोथरूडचा गृहस्थ दर शनिवारी नाक दाबून रेकायचा आणि फोनवर रेकॉर्ड करून पुन्हा ऐकायचा. माझं डोकं उठायचं.

परमिट लागलं गेल्या वर्षी जूनमध्ये. त्याआधी फेब्रुवारीत कॅन्सरमुळे त्याचं स्वरयंत्र काढलं होतं.

ऑपरेशननंतर माझ्या लक्षात आलं, की त्याचं बोलणं माझ्याकडे कुठेच नाही. बावीस वर्षं आम्ही एकमेकांना मेसेज टाइप केले. लग्नाच्या व्हिडिओत सनई आहे, तो नाही. गॅरेजमधलं रेकणं तेवढं होतं, पण ते मी जमेत धरलं नाही. स्वतःचाच संताप यायचा.

"जायलाच हवं का?" मी विचारलं. 'हो,' त्याने पाटीवर लिहिलं, 'पुढच्या वर्षी मी नसेन.'

उपचारांपायी पैशांची चणचण होती. गाइड नाही, लॉज नाही. आमचीच मिनीव्हॅन, त्याच्या मित्राची बंदूक आणि डब्यात पोळी-भाजी. त्याला दहा पावलांत धाप लागायची, म्हणून जंगलातून लाकूड वाहणाऱ्या ट्रक्सच्या कच्च्या रस्त्यालगतच बसायचं. मूज पडला तर हाकेच्या अंतरावर पडायला हवा, नाहीतर ते धूड ओढणार कोण?

तीन दिवस काही दिसलं नाही. चौथ्या सकाळी त्याने पाटी पुढे केली. 'तू हाक मार.'

"मी? मला नाही येत."

'नऊ वर्षं ऐकलंयस.'

मी नाक दाबलं. आवाज निघाला तो हुबेहूब त्याचा. तो श्वास घ्यायचा तिथेच मी श्वास घेतला, शेवटी त्याचा फाटायचा तसा माझाही फाटला. परीक्षित माझ्याकडे बघतच राहिला. तिसऱ्या हाकेला झुडपं मोडत एक नर बाहेर आला, मान वर करून मला शोधत. परीक्षितने गोळी झाडली. नर आधी पुढच्या गुडघ्यांवर बसला, मग आडवा झाला. रस्त्यापासून फार तर चाळीस पावलांवर.

माझ्या हाकेला आला आणि मेला, याचं मला फार वाईट वाटलं. परीक्षित रडत होता, पण ऐकू काहीच येत नव्हतं. पुढे दोन अनोळखी माणसांनी ट्रकला दोर बांधून मूज ओढून दिला.

परीक्षित जानेवारीत गेला. फ्रीझर अजून भरलेला आहे, पाकिटांवर त्याच्या अक्षरात तारखा आहेत. त्याला स्वतःला एक घासही गिळता आला नाही.

मार्चमध्ये त्याचा फोन बंद करण्याआधी मी ती रेकॉर्डिंग्ज ऐकायला बसले. सगळी रेकणीच. एकात मात्र मध्येच दार उघडतं आणि मी वैतागून ओरडते, "पुरे कर रे आता. पानं वाढलीत, जेवायला चल."

"आलो," तो म्हणतो. मग बटण दाबल्याचा आवाज.

फोन मी बंद केला नाही. रोज पान वाढलं, की तेवढंच लावते.