दाराजवळची सतरंजी

ढब्बू नाव ठेवलं तेव्हा कुत्रं खरंच ढब्बू होतं. आता त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या, आणि तरी दाराजवळची सतरंजी काही ते सोडत नव्हतं. फिरायला ओढत न्यावं लागायचं, कसंबसं उरकायचं आणि आल्या पावली सतरंजीवर बसून दाराकडे बघत राहायचं. भांड्यातले चार घास खाल्ले तर खाल्ले.

"बाबा, हे असं नाही चालायचं," लेक म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, आजार काही नाही. रविवारी माझ्या मैत्रिणीकडे नेते त्याला. अंगण आहे, सोबतीला दुसरी कुत्री आहेत. इथं झुरून मरेल तो."

बाबा म्हणजे आपले ड्रायव्हरसाहेब. जन्मभर बस हाकली, हॉर्न मारल्यासारखं बोलायची सवय घरीही सुटली नाही. कुत्र्यावरही तसेच खेकसायचे. बायको म्हणायची, "अहो, कुत्रं आहे ते, ब्रेक नव्हे, दाबला की थांबायला. शहाण्यासारखं वागलं की लगेच खाऊ द्यायचा. चुकलं तर ओरडायचं नाही, पुन्हा शिकवायचं."

"मला नाही जन्मात कुणी असा खाऊ दिला!"

"वागलात कधी शहाण्यासारखे?" ती विचारायची, आणि साहेब पेपरात तोंड खुपसायचे.

साहेबांचे ड्यूटीचे जुने शर्ट फाडून तिनं त्यांच्या पट्ट्या एका जाळीदार रबरी पायपुसण्याला बांधल्या होत्या. त्या झुपक्यांत खाऊ लपवला की ढब्बू अर्धा तास नाक खुपसून हुंगत बसायचा. "भांड्यात ओतलं तर दोन मिनिटांत फस्त. डोक्याला काम नको का त्याच्या? रिकामं डोकं सोफा फाडतं."

पण तिचा खरा लाडका खेळ 'थांब'चा. ढब्बूला सतरंजीवर बसवायचं, हात दाखवून 'थांब' म्हणायचं आणि दाराआड जायचं. आधी क्षणभर, मग जरा जास्त, पुढे पुढे तर भाजी घेऊन येईपर्यंत. परत आली की त्याच्यापाशी वाकून म्हणायची, "आले रे राजा!" एवढं कानावर पडलं की बसणं संपलं, खाऊ मिळाला. लांबून हाक मारून तिनं त्याला कधी उठवलं नाही. "त्यानं थांबायचं आणि आपण त्याच्यापाशी परत यायचं, असं ठरलंय आमचं. एकदा फसवलं की पुन्हा विश्वास ठेवायचा नाही तो."

ज्या दुपारी तिच्या छातीत कळ आली, त्या दुपारी स्ट्रेचर दारातून निघेना, कारण ढब्बू पायात घोटाळत होता. तशा अवस्थेत तिनं हात उचलला आणि म्हणाली, "ढब्बू, थांब." तो सतरंजीवर जाऊन बसला. स्ट्रेचरचं दुसरं टोक साहेबांच्याच हातात होतं. ती परत आलीच नाही.

"आई त्याला उठवताना काहीतरी म्हणायची ना?" लेकीनं विचारलं. "तुम्हाला ठाऊक असेल."

"मला काय ठाऊक! माझं कुठं लक्ष असायचं?"

खोटं, साफ खोटं! रोज चहा पिताना ऐकलेले शब्द विसरायला माणूस काय दगड आहे? पण ते उच्चारले की ढब्बू उठणार, आणि मग या घरात तिची वाट बघणारं कुणी उरणार नाही. कुत्रं बसलंय तोवर ती जरा बाहेर गेलीय, येईल, असं मनाला समजावता येत होतं. म्हातारा तेवढ्यावर दिवस ढकलत होता. त्यापायी मुकं जनावर सुकत चाललंय, हेही त्याला दिसत होतं, आणि स्वतःची लाज वाटत होती.

रविवारी लेक आली. पट्टा अडकवून ओढायला लागली, तर ढब्बूनं सतरंजीत नखं रोवली. अंगात त्राण नाही, तरी हलेना. कण्हला फक्त. सतरंजीसकट तो दारापर्यंत फरफटत आला.

"सोड त्याला," साहेब म्हणाले. कुरकुरणारे गुडघे टेकून ते खाली बसले, त्याच्या कानाशी वाकले.

"आले रे राजा."

ढब्बू ताडकन उठला. शेपटीबरोबर अख्खं अंग हलायला लागलं. साहेबांना ओलांडून तो उघड्या दारातून बाहेर गेला, जिना हुंगला, खाली बघितलं, वर बघितलं, परत आत येऊन खोली न् खोली धुंडाळली. मग शेपटी हळूहळू थांबली आणि तो साहेबांसमोर येऊन उभा राहिला.

उठेल, खाईल, एवढाच विचार साहेबांनी केला होता. तो तिला शोधेल हे डोक्यातच आलं नव्हतं.

"नाही रे," ते म्हणाले. "नाही यायची ती आता. मी फसवलं तुला." आणि तिला पोचवल्यापासून कोरडा राहिलेला माणूस लेकीसमोर ढसाढसा रडला.

डोळे पुसून त्यांनी ते पायपुसणं ओढलं आणि आपल्याच शर्टांच्या चिंध्यांत खाऊ लपवला. ढब्बू बराच वेळ नुसता उभा होता. मग नाक खुपसलं. शेवटचा तुकडा सापडेपर्यंत हुंगत राहिला. लेकीनं पट्टा खिळ्याला अडकवला.

संध्याकाळी ढब्बू पलंगाखाली गाढ झोपला होता. सतरंजी धुवायला न्यावी म्हणून लेक आली, तर त्याच सतरंजीवर साहेब बसलेले, दाराकडे तोंड करून.

"बाबा, उठा ना."

"बसू दे गं जरा," ते म्हणाले. "इतके दिवस त्या बिचाऱ्यालाच बसवलं होतं मी."