दुबार नोंद

अर्शीने टॅबलेट खिडकीकडे तिरका धरला. काचेवर बोटांचे ठसे एकावर एक चढलेले होते. तेलाचे, हळदीचे, आणि एका कडेला मिश्रीचा काळपट ओघळ. तिने स्पिरिटचा बोळा फिरवला, तो लगेच करडा झाला. हेडफोनची गादी हाताला चिकट लागली. बोळा चिमटीत धरून तिने बादलीत टाकला, बोटं रुमालाला पुसली, आणि मग तो रुमालही पर्समध्ये परत ठेवावासा वाटेना.

"सकाळीच पुसला होता मी, मॅडम," मयुरी सिस्टर म्हणाली. "पण बाया कापूस वेचता वेचता तशाच येतात. हात धुऊन या, असं कितीदा सांगायचं?"

"काच पुसता येते, सिस्टर. आतलं पुसलं जात नाही, त्यासाठी आलेय मी."

शिंदखेड्यातला हा दवाखाना एका ट्रस्टचा होता. गरोदर बायांच्या तपासणीच्या दिवशी येणाऱ्या प्रत्येक बाईला, आणि तिच्या सोबत आलेल्या बाईलाही, पडद्यामागे बसवून टॅबलेटवर काही प्रश्न ऐकवले जात. घरात मारहाण होते का, उपाशी ठेवतात का, माहेरी जाऊ देतात का. प्रश्न मयुरीच्याच आवाजात, अहिराणीत रेकॉर्ड केलेले होते. ‘हो’साठी पिवळं वर्तुळ, ‘नाही’साठी निळं, वाचता येण्याची गरज नव्हती, आणि नाव तर कुठेच विचारलेलं नव्हतं.

हे सगळं बनवलं होतं अर्शीने, जळगावच्या एका लहानशा कंपनीत बसून. सुरुवातीला इथलं नेटवर्क मध्येच जायचं, पान रिफ्रेश व्हायचं आणि बाईला पुन्हा पहिल्या प्रश्नापासून ऐकावं लागायचं. बाया वैतागून उठून जात. म्हणून तिने अशी सोय केली, की पान रिफ्रेश झालं तरी दिलेली उत्तरं जागच्या जागी राहतील, आणि शेवटी ‘संपलं’ हे बटण दाबल्यावरच पुसली जातील. ऑफिसात ही सोय सर्वांना आवडली होती. इथे मात्र ते बटण कोणीच दाबत नव्हतं. आभाराचं पान आलं, मयुरीचा आवाज थांबला, की बाई टॅबलेट स्टुलावर ठेवून उठे. पुढची येऊन काचेला बोट लावी तेव्हा प्रश्न पहिल्यापासून सुरू होत, पण आधीच्या बाईची वर्तुळं तशीच पेटलेली असत. मागच्या महिन्यात एका सासूने सुनेची उत्तरं पाहिली होती आणि तिला दंडाला धरून फाटकाबाहेर ओढत नेलं होतं. ती मुलगी पुन्हा तपासणीला आली नाही. मयुरीने हे फोनवर सांगितलं तेव्हापासून अर्शीला स्वतःच्याच कामाकडे पाहवत नव्हतं.

दार ढकलून बन्सीलाल आत आला. तो ट्रस्टचा पर्यवेक्षक होता. एका मुठीत भाजलेले शेंगदाणे. दुसऱ्या हाताने त्याने टॅबलेट सहज उचलला आणि अंगठ्याने काच वर सरकवली.

"हे बघा, अजून उघडंच आहे. मघाची ती जांभळ्या लुगड्याची ना, सिस्टर? उपाशी ठेवतात म्हणते." तो हसला. "अंगावरून तर तसं वाटलं नाही."

अर्शीने त्याच्या हातातून टॅबलेट काढून घेतला. नुकत्याच पुसलेल्या काचेवर शेंगदाण्याच्या सालाचा तुकडा चिकटला होता.

"तुम्ही हे वाचता?"

"वाचतो म्हणजे काय, समोर पडलेलं असतं. उघडं टाकलंय कोणी? तुम्हीच ना, मॅडम?"

त्याचं बोलणं खोटं असतं तर तिला इतकी शिसारी आली नसती.

"बाकी ते दुबार नोंदींचं काम मात्र एक नंबर झालं हां," बन्सीलाल खुर्ची ओढून बसला. "आधीचे आकडे बघून अध्यक्षसाहेब वैतागले होते. म्हणाले, हे छापलं तर लोक म्हणतील या भागात माणसं राहतात का जनावरं. आता कसा स्वच्छ अहवाल दिसतो. ‘हो’ जवळजवळ निम्म्यावर आले. आज तेवढा शेवटचा आकडा द्या, संध्याकाळी धुळ्याला छापायला टाकतो."

"आणि ही खोली?" मयुरीने विचारलं.

"ते आकड्यावरच आहे, सिस्टर. त्रास असलेल्या बायाच कमी, तर समुपदेशनाची वेगळी खोली कशाला? औषधांच्या खोक्यांना जागा पुरत नाही इथं."

"कमी कशा झाल्या, बन्सीलालभाऊ? या स्टुलावर बसून रडणाऱ्या तेवढ्याच आहेत."

"बाया काय, सिरियल बघूनही रडतात."

मयुरीने अर्शीकडे पाहिलं. अर्शीने नजर हातातल्या टॅबलेटवर ठेवली.

"नोंदी खरंच दुबार होत्या, सिस्टर," ती म्हणाली. "आभाराचं पान रिफ्रेश झालं की तीच उत्तरं पुन्हा सर्व्हरवर जातात. एकाच टॅबलेटवरून, थोड्याच वेळात, सगळी उत्तरं जशीच्या तशी. एका बाईला दोनदा मोजणं बरोबर नाही. म्हणून दुसरी नोंद टाकून देतो आपण."

एक शब्दही चुकीचा नव्हता. तरी बोलून झाल्यावर आपण बन्सीलालच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो आहोत, असं तिला वाटलं. तो दाणे फोडत मान डोलवत होता.

तो चहा प्यायला बाहेर गेल्यावर अर्शी कामाला लागली. बदल करण्याआधी एकदा इथे प्रत्यक्ष काय होतं ते पाहायचं तिने ठरवलं होतं. तिने टॅबलेटवरची जुनी उत्तरं पुसली, पडद्याच्या अलीकडे टेबलावर लॅपटॉप मांडला. त्यावर तिला कोणाचीही उत्तरं दिसणार नव्हती. फक्त आजच्या नोंदींचा आकडा दिसत होता.

मयुरीने बाहेर हाक दिली तशा दोघी आत आल्या. सातपुड्याच्या पायथ्याकडून या बाजूला कापूस वेचायला आलेल्या. पुढे सून, ममता; वय फार तर विशीचं, पोट पुढे आलेलं, हातभर बांगड्या. मागे तिची सासू दिवालीबाई. हाडापेराने मोठी, दात मिश्रीने काळे, कापसाच्या काट्यांनी बोटांची टोकं खरवडलेली. सुनेच्या पाठीला हात लावून ती तिला पुढे लोटल्यासारखी करत होती.

"आधी तू बस, ममता," मयुरी म्हणाली. "अक्का, तुम्ही इथं बाकावर."

ममता पडद्यामागे गेली. दिवालीबाई बाकावर बसली आणि पडद्याकडेच पाहत राहिली. मधूनच तिने अर्शीकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत, ओढणीपासून सँडलपर्यंत. अर्शीच्या मनात फाटकापर्यंत ओढत नेलेली ती मुलगी आली. अशाच हातांनी ओढलं असेल, असं वाटून तिने अंग चोरलं.

लॅपटॉपवरचा आकडा एकाने वाढला. म्हणजे ममताचं झालं. अर्शी उठणार, टॅबलेट आपल्याकडे घेणार, एवढ्यात पडदा सरकला, ममता बाहेर आली आणि दिवालीबाई तिच्या बाजूने आत शिरलीही. मयुरी कपाटाशी पाठमोरी होती.

"सिस्टर!" अर्शी म्हणाली आणि पडद्याकडे धावली.

दिवालीबाई स्टुलावर बसली होती. डोक्यावरच्या पदरावरूनच तिने हेडफोन चढवला होता. मांडीवरच्या काचेवर पिवळं वर्तुळ पेटलेलं होतं. ती ऐकत होती. प्रश्न संपला, तिने त्या वर्तुळाकडे पाहिलं आणि पुढच्या बाणावर बोट ठेवलं. पुन्हा पिवळं. पुन्हा बाण.

काही न बदलता ही नुसती पुढे ढकलतेय, अर्शीच्या मनात आलं. ऐकायचं नाही, विचार करायचा नाही, उरकायचं. असल्याच कचऱ्यातून आपण आकडे काढतो. तिला त्या बोटाची, त्या काळ्या दातांची, या सबंध खोलीची किळस आली.

"अक्का, थांबा," ती म्हणाली. "हे तुमचं नाही. आधीच्या बाईचं राहून गेलंय. द्या, मी पुसून देते."

दिवालीबाईने एका कानावरचा हेडफोन बाजूला केला. टॅबलेट मात्र तिने छातीशी धरला.

"मनी सूननं शे. माले माहीत शे."

पडद्याच्या अलीकडे ममता उभी होती. तिने पदराचं टोक तोंडात धरलं होतं, आणि तिची नजर फक्त सासूच्या हातांवर होती.

"ते दिसायला नको होतं तुम्हाला," अर्शी म्हणाली. "चूक माझी आहे, तिची नाही. तुम्ही तिला काही बोलू नका, अक्का. द्या ते इकडे."

"पुसू नको, बाई." दिवालीबाईचा आवाज अगदी साधा होता. "ऱ्हाऊ दे. मनंबी असंच शे."

अर्शीचा पुढे केलेला हात तसाच राहिला. माझंही असंच आहे, म्हणत होती ती.

दिवालीबाईने टॅबलेट पुन्हा मांडीवर घेतला. "मोठी सूनसंगे उनी व्हती ना मी, तवय बठ्ठं नहीच दाबं," ती काचेकडे पाहत म्हणाली. म्हणजे मोठ्या सुनेबरोबर आली होती तेव्हा तिने सगळीकडे ‘नाही’च दाबलं होतं. मग तिने हेडफोन नीट कानावर बसवला आणि पुढचा प्रश्न ऐकला. प्रत्येक प्रश्न ती शेवटपर्यंत ऐकत होती. एका ठिकाणी निळं वर्तुळ पेटलेलं आलं तेव्हा ती थांबली, बोट निळ्यावरून पिवळ्यापर्यंत नेलं, क्षणभर तिथेच धरलं, आणि निळं तसंच ठेवून पुढे गेली.

आभाराचं पान आलं.

अर्शी टेबलाशी परतली. लॅपटॉपवर आजच्या नोंदींचा आकडा होता तोच होता. तिने तो पुन्हा मागवला. तोच. एकच टॅबलेट, थोडाच वेळ, सगळी उत्तरं जशीच्या तशी. नियम तिनेच लिहिला होता, आणि तो चोख चालत होता. नियमाच्या लेखी दिवालीबाई म्हणजे ममताचं पान रिफ्रेश झालेलं होतं.

ती हळूच खुर्चीवर बसली. जळगावात हा नियम पहिल्यांदा चालवला ती दुपार तिला आठवली. एकामागून एक नोंदी गळत गेल्या होत्या आणि शेजारच्या टेबलावरचा रमीज म्हणाला होता, काय घाण साचली होती गं. दोघं हसली होती. त्यांतल्या काही खरोखरच रिफ्रेशच्या असतील. पण कोणत्या? पान पुन्हा उघडलं आणि बाई पुन्हा बसली, या दोहोंत फरक सांगणारी एकही खूण तिने ठेवलेली नव्हती. नाव नको म्हणून नाव नाही. आणि सून उठल्यावर त्याच स्टुलावर सासू बसेल, मागच्या पेटलेल्या उत्तरांकडे पाहील आणि त्यांना हात न लावता पुढे जाईल, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"झालं का, मॅडम?" बन्सीलाल दारात उभा होता. त्याने तिथूनच मान लांब करून लॅपटॉपकडे पाहिलं, मग पडद्याकडे. "दोघी बसल्या, नोंद एकच. वा! मशीन एकदम मस्त चालतंय तुमचं."

दिवालीबाई पडद्याबाहेर आली होती. तिने त्याचं बोलणं ऐकलं. बन्सीलालकडे न पाहता तिने अर्शीला विचारलं,

"मनं गयं का?"

मयुरी कपाटाचं दार तसंच धरून उभी राहिली.

"नाही, अक्का," अर्शी म्हणाली. "नाही गेलं."

"पुन्हा दाबू का?"

"दाबून जाणार नाही. माझ्याकडून चुकलंय. मला दुरुस्त करावं लागेल." ती थांबली. "तोंडानं सांगाल? सिस्टर लिहून घेतील. तुमचं वेगळं."

दिवालीबाईने दाराकडे पाहिलं. बन्सीलाल चौकटीला टेकला होता आणि तळहातावरची सालं फुंकरीने उडवत होता.

"आता हे काय नवीन?" तो म्हणाला. "मॅडम, मला निघायचंय. छापखाना बंद होईल. आकडा तेवढा सांगा."

"आकडा आज मिळणार नाही, भाऊ."

"अहो, तयारच आहे ना तो?"

"तो चुकीचा आहे. आणि आधी दिलेलाही चुकीचा आहे. तसं मी ट्रस्टला लेखी कळवते."

"साफ केलेलं पुन्हा घाण करणार तुम्ही?"

अर्शी उठली. दाराशी गेली. बन्सीलालला मागे सरावं लागलं, कारण ती थांबली नाही. तिने दार लोटलं आणि कडी घातली. पलीकडून तो काहीतरी बोलला, मग त्याच्या चपला व्हरांड्यातून दूर गेल्या. ट्रस्टच्या कोणाला तरी फोन लावत असावा.

मयुरीने कोरा कागद काढला आणि स्टूल ओढून बाकाजवळ बसली. दिवालीबाई बाकावर टेकली. ममता अजून उभीच होती. सासूने तिच्याकडे पाहिलं नाही. नुसतं आपल्या शेजारी बाकावर हाताने दोनदा थापटलं. ममता अंतर ठेवून बसली.

मयुरीने घसा साफ केला. रेकॉर्ड केलेल्या आवाजापेक्षा तिचा खरा आवाज बारीक होता.

"घरमा तुले कोनी मारस का, अक्का?"

दिवालीबाईने ओठ उघडले. बोटांच्या खरवडलेल्या टोकांकडे ती पाहू लागली. व्हरांड्यात कोणाचं तरी मूल रडायला लागलं आणि थांबलं.

"हो," ममता म्हणाली.