ठमीची पाटी आणि माझी उंच सीट

मित्रांनो, मला जुनी म्हणायचं असेल तर म्हणा, तोंड कोण धरणार? उल्हासनगरात जुन्या गाड्यांच्या एका दुकानाबाहेर रांगेत मी उभी आहे. लाल रंगाची, पुढे झुकलेली, मागून उंच अशी रेसिंग मोटारसायकल. मी देखणी आहे. हे माझं मीच सांगते, कारण शेजारचे खटारे सांगणार नाहीत. दुःख होतं का म्हणाल, तर तसं काही नाही. इंजिन थंड झालं की आमचं सगळंच थंड होतं.

कारखान्यात पट्ट्यावरून सरकत सरकत मी घडले. कुणी चाकं लावली, कुणी नट आवळले. मागची सीट लावली ती तळहाताएवढी, उंच आणि पुढे उतार असलेली. माझा बांधाच तसा. एकट्यानं वाकून बसावं आणि मोकळ्या रस्त्यावर सुटावं, यासाठी मी जन्मले. त्यात माझा दोष नाही.

बदलापूरच्या शोरूममध्ये साईनाथ आला. बारवी धरणाच्या रस्त्यावर, डोंगराच्या कुशीत त्याची वाडी. तो मोरिवलीच्या कारखान्यात कामाला होता. त्याची आई ठमी रानातली भाजी पाटीत भरून बदलापूरच्या बाजारात बसायची. पाटी डोक्यावर घेऊन टेम्पोच्या फाट्यापर्यंत चालत यायची. साईनाथनं तिला कबूल केलं होतं, "आये, आता डोक्यावर पाटी नाय. मी गाडी घेतो. तुला बाजारात सोडीन, मग ड्युटीला जाईन."

गाडी घ्यायची ती एवढ्यासाठी. आणि निवडायला बरोबर कुणाला आणलं? मित्राला, संदीपला. सगळीकडे हीच रीत. गाडी निवडायला मित्र जातात, आणि जी मागे बसणार ती बाई घरी पूजेचं ताट तयार करून वाट बघते.

माझ्या शेजारी लांब, सपाट सीटची एक साधी गाडी उभी होती. मागे धरायला दांडी, लुगडं अडकू नये म्हणून चाकाला जाळी. साईनाथनं आधी तिच्यावरच हात ठेवला. संदीप फिदीफिदी हसला.

"ही? ही तर दूधवाल्याची गाडी, भावा! कंपनीच्या गेटवर वॉचमन पण वळून बघनार नाय. ही लाल बघ, कसली कडक आहे!"

साईनाथ माझ्यावर बसला, मूठ पिळली. मी डरकाळी फोडली. झाली निवड.

वाडीवर ठमीनं मला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मग मागे बघून म्हणाली, "अन् मी बसू कुठं?"

"बस की मागं."

"हितं? हितं तर कोंबडी बसंल."

सगळे हसले, तीही हसली. नवी गाडी दारात आल्यावर पोराचं तोंड कोण उतरवतं?

मग दगडावर पाय देऊन ती रोज चढायची. एक हात लेकाच्या खांद्यावर, एक मांडीवरच्या पाटीवर. कंपनीच्या गेटवर पोरं माझ्यासोबत फोटो काढायची. मी तोऱ्यात होते.

धरणाजवळच्या उतारावर एक म्हैस आडवी आली. साईनाथनं ब्रेक मारला. मी जागच्या जागी थांबले, कारण मला तसंच घडवलंय. ठमीला धरायला दांडी नव्हती, लेकाच्या खांद्यावरचा हात निसटला. ती घसरून खाली पडली, पाटीतली कंटोळी रस्ताभर पसरली. मनगट मोडलं होतं, तरी पहिलं बोलली ते "भाजी गोळा कर."

त्यानंतर माझ्यावर ताडपत्री पडली, साईनाथ टेम्पोनं ड्युटीला जाऊ लागला. कुणी रागावलं नाही, कुणी पुसलंही नाही. कोंबड्या माझ्या टाकीवर बसायच्या. मला काही वाटायचं नाही.

बाजारात एक नियम आहे. रिकामी जागा फार दिवस रिकामी राहत नाही. शेजारी बसणारी कौसाबाई ठमीच्या जागेवर गोणपाट अंथरून ती राखत होती. एक दिवस ती वाडीवर आली.

"ठमे, आजून किती दिस राखू? दोघी टपून बसल्यात. सोमवारी आली नायस तर जागा गेली समज."

प्लास्टर निघालं होतं, पण मनगटात जोर नव्हता. पाटी डोक्यावर चढेना. फाट्यापर्यंत चालायचं कसं? ठमीनं साईनाथला सांगितलं, "ही गाडी बदल."

"आये, मला ती लय आवडते."

"आवडू दे की. मला तुझा बाप आवडतो, म्हून काय मी त्याच्या खांद्यावर बसून बाजारात जाते?"

कोपऱ्यातला देऊ, म्हणजे साईनाथचा बाप, खोकल्यासारखं हसला.

रविवारी साईनाथ मला घेऊन इथं आला. मागून ठमी टेम्पोनं आली, भरलेल्या पाटीसकट. तेवढ्यापुरती पाटी देऊनं धापा टाकत फाट्यापर्यंत आणून दिली होती. दुकानाचा शेठ बघतच राहिला.

"माई, गाडी देखने आई हो या सब्जी बेचने?"

"गाडीच बघाया आले. पन बसनार आमी दोघी, मी अन् पाटी."

धडधड वाजणाऱ्या जाड गाडीकडं तिनं नुसतं बघितलं. "ही तर म्हैसच. एक म्हैस पुरे झाली." स्कूटरवर पायापाशी पाटी छान मावली, पण ठमीनं तिची बारकी चाकं बघितली. "आमच्या वाटंवरल्या दगडांत ही अडकून बसंल." मग लांब सीटची एक गाडी निघाली. रंग उडालेली, रूपानं यथातथाच. ठमी बसली, पाटी मांडीवर घेतली, चांगल्या हातानं दांडी धरली.

"चालव. अन् मधीच ब्रेक मार."

साईनाथनं हळूच मारला.

"जोरात मार की! म्हशी काय सांगून येत्यात?"

त्यानं जोरात मारला. पाटीतलं एक कंटोळंही पडलं नाही.

"हीच," ठमी म्हणाली.

साईनाथनं माझी किल्ली शेठच्या हातात दिली आणि बाहीनं माझी टाकी पुसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. ठमी खाली उतरलीच नव्हती. "चल रं, उद्या सोमवार हाय," ती म्हणाली, आणि ते गेले. मी वळून बघितलं नाही. गाड्यांना वळवावं लागतं.

मित्रांनो, गाडी घेतलीत की पुसा, तेल बदला, पावसात झाका. पण त्याच्या आधी, निवडायला याल तेव्हा मित्रांना घरी ठेवा आणि मागे बसणाऱ्या माणसाला घेऊन या. त्याला बसवून बघा, त्याचं ओझं मांडीवर देऊन बघा. माझ्यापाशी आलात तर मीच विचारीन, मागे कोण बसणार? आई म्हणालात, बायको म्हणालात, तर पुढच्या गाडीकडे जा, मला राग नाही. कुणीच नाही म्हणालात, तर मी इथंच उभी आहे.