चार दिवस लझानिया

लॅकसनला पहिल्या जेवणालाच संशय आला.

लुआंग्वा नदीकाठच्या त्या सफारी कॅम्पवर तो एकोणीस वर्षं आचारी होता. एवढ्या वर्षांत तंबूत गोऱ्यांशिवाय कुणी उतरलं नव्हतं. आणि हे कुटुंब चक्क कब्वे शहरातलं, आपल्यातलंच: कापोत्वे मास्तर, त्यांची बायको, मुलगी आणि काठी टेकत आलेली आजी. मास्तरांच्या खिशात वही. त्यात गेल्याच महिन्यात मालकांचं पत्र आलेलं: पाहुणा बनून तपासनीस येईल, त्याच्या शेऱ्यावर आचाऱ्याची नोकरी राहील किंवा जाईल.

मास्तर हळूच म्हणाले, "भाऊ, न्सिमा मिळेल का? सोबत थोडी सुकी मासळी?"

हाच तो, लॅकसन मनात म्हणाला. मक्याच्या पिठाचा तो घट्ट गोळा म्हणजे नोकरांचं जेवण, आणि ते पाहुण्यांना वाढायचं नाही, हा मालकांचा पहिला नियम.

"न्सिमा म्हणजे काय, साहेब?"

आजीनं चष्मा वर सरकवला. "नाव काय रे तुझं?"

"लॅकसन सकाला."

"सकाला. आडनाव इथलंच, आणि न्सिमा ठाऊक नाही. लहानपणी आईनं सूपच पाजलं वाटतं."

त्यानं लझानिया वाढला. दुसऱ्या दिवशीही लझानिया. सकाळच्या फेरीत सिंह उजवीकडे बसलेले आणि मास्तर डावीकडे, नोकरांच्या चुलीच्या धुराकडे बघत होते, असं गाडीवाल्यानं येऊन सांगितलं. चूल तपासतोय, लॅकसननं ताडलं.

तिसऱ्या दुपारी तो कोठीत शिरला, तर मक्याच्या पिठाच्या पोत्यांमागे मास्तर. डोक्यापासून पायापर्यंत पांढरेफटक.

"बाहेर हत्ती आहे," मास्तर म्हणाले.

"तो रोजच असतो. तुम्ही इथं कसे?"

"वासावर आलो."

आता कोठीही तपासली, लॅकसननं ओळखलं. रात्री पुन्हा लझानिया, वर जास्तीचं चीज.

चौथ्या दिवशी तो नोकरांसाठी पातेल्यात न्सिमा घोटत होता, तेव्हा काठीचा आवाज आला. मागे आजी.

"हे काय शिजतंय?"

"हे... भिंतीला लिंपायचंय, आजी."

आजीनं चिमूटभर उचलून चाखलं. "भिंतीलाच लिंप. गुठळ्या आहेत." मग त्याच्या हातातला लाकडी पळा काढून घेतला, नवं पाणी चढवलं आणि स्वतः घोटायला बसली. त्या दुपारी कापोत्व्यांच्या घरानं नोकरांचं पातेलं चाटून पुसून रिकामं केलं. नोकरांनी लझानिया खाल्ला आणि लॅकसनला शिव्या दिल्या.

जाताना मास्तरांनी पाहुण्यांच्या वहीत लिहिलं: 'सिंह छान. आचारी भला माणूस, पण बिचाऱ्याला न्सिमा येत नाही. आमच्या आईकडे पाठवा, आठवड्यात तयार करेल.'

पंधरा दिवसांनी मालकांचं पत्र आलं. नोकरी कायम, मात्र आधी आठवडाभर कब्वेला जाऊन न्सिमा शिकून यावं.

रोज तीस माणसांची न्सिमा घोटणारा लॅकसन पिशवी भरता भरता बायकोला म्हणाला, "मास्तर उगाच पिठात लोळला. तपासनीस म्हातारी होती."

"असेल," बायको म्हणाली. "गुठळ्यांचं तर मीही सांगत होते."