भीमेतली पंगत

सोलापुरात शुक्रवार पेठेत नागप्पाची खाणावळ होती. बाहेर पाटी नव्हती आणि तिची गरजही नव्हती. कोर्टाच्या तारखेला आलेली खेड्यातली माणसं, गिरणीत कामाला असलेले एकटे गडी, अडत्याकडे माल घालून मोकळे झालेले शेतकरी विचारत विचारत तिथंच यायचे. आत चुलीपुढं नागप्पाची बायको काशम्मा भाकऱ्या थापायची आणि बाहेर नागप्पा वाढायचा. वाढायला त्याने कधी माणूस ठेवला नाही. कुणी 'बस' म्हणालं तरी तो हलायचा नाही. "एवढ्यात कसं बस? अर्धी घे की," असं म्हणत अख्खी भाकरी टाकायचा.

पंचाहत्तर साली या नागप्पाच्या घशात गाठ झाली. तंबाखूशिवाय त्याला दुसरं व्यसन नव्हतं, पण तेवढं पुरलं. मिरजेच्या दवाखान्यात नेऊन किरणांचे शेक दिले, तोवर उशीर झाला होता. दिवाळीपर्यंत भाकरी गेली, भात गेला, मग आमटीचं पाणीही गेलं. पातळ केलेलं दूध चमच्याने घोट घोट घ्यायचं, त्यातलंही निम्मं नाकावाटे परत यायचं. आवाज बसला आणि नुसती कुजबुज उरली. पुतण्या गुरुलिंग खाणावळ बघू लागला. नागप्पा मधल्या खोलीत बाजेवर पडून राहायचा आणि दिवसभर बाहेरच्या ताटांचा आवाज ऐकायचा.

त्याच दिवसांत काशम्माने जेवण सोडलं. हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण तिला जेवताना कुणी कधी पाहिलंच नव्हतं. शेवटची पंगत उठली, भांडी पडली, नवरा आडवा झाला, की ती चुलीपाशी भिंतीकडं तोंड करून चार घास खायची. लग्न होऊन आली तेव्हापासून हेच चाललं होतं. नागप्पानेही तिला जेवताना बघितलं नव्हतं. त्यामुळे ती खायची थांबली तरी घराचं काही अडलं नाही. फक्त तिच्या बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत घसरू लागल्या.

एक दिवस भाकरी उलटताना तिला चक्कर आली आणि हात तव्यावर पडला. डॉक्टर घरी आले. हाताला पट्टी बांधली, डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या आणि गुरुलिंगला म्हणाले, "यांच्या पोटात अन्न नाही. खाणावळीत राहून उपाशी आहेत या."

बाजेवरून नागप्पाने ते ऐकलं. डॉक्टर गेल्यावर त्याने तिला जवळ बोलावलं.

"का गं?"

"उतरत न्हाय," काशम्मा म्हणाली. "तुमी हितं असं पडल्यावर मी कशी गिळू?"

दुसऱ्या दिवशी गुरुलिंगला सांगून त्याने पंचाक्षरीला निरोप धाडला.

पंचाक्षरी त्याचा शाळेपासूनचा मित्र. सोलापूरच्या दक्षिणेला भीमेच्या काठी त्याची जमीन होती आणि त्यात द्राक्षाची बाग. बाहत्तरच्या दुष्काळात त्याने ती कोरड्या नदीत खोदलेल्या खड्ड्यातलं पाणी बैलगाडीने आणून जगवली होती. रेल्वेतल्या एका गोवेकर गार्डाने त्याला द्राक्षाची वाईन करायला शिकवलं होतं. परवाना नव्हता, म्हणून सरबताच्या बाटल्यांत भरून ती तो माळ्यावर ठेवायचा. दरवर्षी एक बाटली घेऊन तो खाणावळीत यायचा आणि दरवर्षी नागप्पा परत पाठवायचा. "गळ्यात लिंग हाय," तो म्हणायचा, "त्याच गळ्यातनं दारू उतरवू व्हय?"

पंचाक्षरी येऊन बाजेच्या कडेला बसला. नागप्पाने त्याचा कान आपल्या तोंडाजवळ ओढला.

"तुझ्या शेताखाली ती नाव असते, ती दिवसभर पाहिजे. काशम्माला न्यायचंय."

"असल्या तब्येतीत? कशापायी?"

"घरात तिला कुणी ना कुणी हाक मारतंय. पाण्यात कोण हाक मारणार?" नागप्पा थांबला. बोलल्यावर त्याला दम लागायचा. "आन ती बाटली पण आण."

काशम्माला एवढंच सांगितलं, की नागप्पाला नदी बघायची इच्छा झाली आहे. मरणाऱ्याची इच्छा म्हणून तिने विरोध केला नाही. पण नागप्पाने सगळा स्वयंपाक करून घे म्हटल्यावर ती चिडली.

"कुणासाठी?"

"पंचाक्षरी हाय, नावाडी हाय. रिकाम्या हातानं न्यायचं व्हय त्यांना?"

मग तिने भाजलेल्या हाताने स्वयंपाक केला. ज्वारीच्या कडक भाकऱ्या, उखळात कुटलेली शेंगांची चटणी, भरल्या वांग्यांची एण्णेगाई, अंबाडीची भाजी आणि गव्हाची गोड हुग्गी. चंद्रव्वा, तिची जाऊ, दारात उभी राहून बघत होती. "माणूस पाण्याच्या घोटाला महाग झालाय आन ही पंगतीचं रांधतीय," ती शेजारणीला म्हणाली. काशम्माला ते ऐकू गेलं.

पंचाक्षरीच्या जीपमधून ते नदीवर पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. कार्तिक संपत आला होता. भीमा अजून दोन्ही काठ धरून होती आणि पलीकडे कर्नाटकातली ज्वारी हिरवी दिसत होती. नाव माणसं आणि कडब्याच्या पेंढ्या पलीकडं नेणारी, साधीच. पंचाक्षरीने तिच्यावर चार बांबू रोवून सावलीला सुताडा बांधला होता, खाली गादी आणि लोड टाकले होते. नावाडी निंगप्पाने नागप्पाला दोन्ही हातांवर उचलून आत ठेवलं. ठेवताना तो जरा अडखळला. एवढ्या हलक्या माणसाची त्याला अपेक्षा नव्हती.

प्रवाहाबरोबर नाव संथ चालली. काठावर धनगरांची मेंढरं पाण्यावर आली होती. नागप्पा लोडाला टेकून सगळं बघत होता. काठावरची माणसं दिसेनाशी झाल्यावर त्याने पंचाक्षरीला खूण केली.

पंचाक्षरीने पितळी फुलपात्रात वाईन ओतली, मग निम्म्याहून जास्त पाणी घातलं. "नागप्पा, आग होईल रं," तो म्हणाला. "आयुष्यभर नको म्हणलास, आता कशाला?"

नागप्पाने फुलपात्र घेतलं. एक घोट तोंडात धरला. त्याचे डोळे पाण्याने भरले, मानेच्या शिरा ताठ झाल्या, तरी त्याने तोंड मिटूनच ठेवलं. मग नावेच्या कडेवरून वाकून तो नदीत थुंकला. पाण्यात लाल पडलं. वाईन तशी फिकट पांढरी होती.

"आंबट हाय की," तो म्हणाला.

पंचाक्षरीने मान खाली घातली.

मग नागप्पाने डबे उघडायला लावले. काशम्माने पंचाक्षरीसाठी ताट काढलं, निंगप्पासाठी काढलं. नागप्पाने तिसरं ताट स्वतःच्या पुढ्यात ओढलं. तिला वाटलं, नुसतं बघायचं असेल. त्याने भाकरी ठेवली, डाव्या बाजूला चटणी, मध्ये वांगं आणि अंबाडी, वाटीत हुग्गी आणि तिच्यावर तूप. त्याला वेळ लागला. पण पानातली एकही जागा चुकली नाही. मग ताट त्याने तिच्याकडं सरकवलं.

"बस."

"मी मागनं खाईन."

"मागनं कधी? मी गेल्यावर?"

निंगप्पा वल्हं थांबवून दुसरीकडं बघू लागला. नाव आपसूक वाहत राहिली.

"काशी, मी सगळ्या गावाला वाढलं. तुला एकदा पण वाढलं न्हाय. बस."

"तुमच्या म्होरं घास उतरायचा न्हाय," ती म्हणाली. "जबरदस्ती करू नका."

"का उतरायचा न्हाय?"

तेव्हा तिने कुणाला न सांगितलेलं सांगून टाकलं. पंचाक्षरी समोर होता, परका नावाडी होता, पण तिला थांबवेना. "मला तुमच्या मागं ऱ्हायचंच न्हाय. पोर न्हाय, बाळ न्हाय. गुरुलिंग आज काकी म्हणतोय, उद्या चुलीपुढची बाई म्हणेल. चक्कर आली तवा मला बरं वाटलं. वाटलं, तुमच्या आधी जाईन. कशाला उठवलं मला?"

नागप्पा तिच्याकडं बघत राहिला. मग त्याने ताटातली भाकरी मोडली, वांग्याच्या मसाल्यात बुडवली आणि तो घास स्वतःच्या तोंडात घातला.

"अहो," काशम्मा म्हणाली.

तो चावत होता. घास पुढं ढकलायचा प्रयत्न करत होता. डोळे तिच्यावरच होते. मग त्याने गिळलं.

घास गाठीपाशी अडकला. नागप्पाचं अंग धनुष्यासारखं ताणलं, तोंड उघडलं पण आवाज फुटेना. ओठ निळे पडू लागले. पंचाक्षरी उठला तशी नाव कलंडली आणि निंगप्पा ओरडला, "मालक, बसा, बुडू की समदे." काशम्माने नवऱ्याचं डोकं मांडीवर दाबून धरलं आणि पट्टी नसलेल्या हाताची दोन बोटं त्याच्या घशात घातली. त्याचे दात तिच्या बोटांत रुतले. तिने घास ओरबाडून बाहेर काढला. त्याच्याबरोबर रक्त आलं, बरंच आलं, तिच्या लुगड्यावर सांडलं.

कितीतरी वेळ नुसता त्याच्या श्वासाचा घरघर आवाज येत होता. पंचाक्षरी नावेच्या टोकाला जाऊन बसला होता आणि त्याचे खांदे हलत होते.

श्वास जागेवर आल्यावर नागप्पाने डोळे उघडले. हात उचलला. पुन्हा ताटाकडं नेला आणि भाकरीचा तुकडा धरला.

"नको," काशम्मा म्हणाली. "ठेवा खाली. खाते मी."

तो तुकडा हातात धरूनच राहिला.

काशम्माने नदीत हात धुतला. ताट ओढलं आणि नवऱ्यासमोर बसून जेवू लागली. पहिला घास तिने पाण्याबरोबर ढकलला. दुसऱ्याला उमासा आला, तो तिने दाबला. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, नाक वाहत होतं, आणि ती खात होती. अर्धी भाकरी गेली. मग उपाशी शरीराला चव कळली आणि ती भराभरा खाऊ लागली. तिला स्वतःची लाज वाटली, पण हात थांबेना. नागप्पाने दुसरी भाकरी तिच्या पानात टाकली. तिने 'बस' म्हटलं नाही.

परतताना प्रवाहाविरुद्ध यायचं होतं. निंगप्पाला फार वेळ लागला. पंचाक्षरीने उरलेली बाटली एकट्याने संपवली आणि काठावर उतरताना तो चिखलात पडला. नागप्पा काशम्माच्या मांडीवर झोपला होता.

त्यानंतर ती रोज त्याच्या देखत जेवली. पुढं पुढं त्याला अन्नाचा वास सहन होईना, तेव्हा ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात ताट घेऊन बसायची, बाजेवरून दिसेल अशी. ती जेवते तोवर तो डोळे मिटायचा नाही. तिच्या अंगावर थोडं मांस आलं. त्याच्या अंगावरचं होतं नव्हतं तेवढं गेलं. दूधही उतरेना झालं. तो उपासमारीने मरत होता आणि रोज दुपारी ती त्याच्यासमोर भाकरी खात होती. एकदा तिने भाकरी थापता थापता स्वतःशीच म्हटलं, की याच्यापेक्षा नदीत उडी मारली असती तर बरं झालं असतं. तरी दुपार झाल्यावर ती उंबऱ्यात बसली.

पौषातल्या एका दुपारी ती अशीच जेवत होती. अधूनमधून मान वर करून त्याला बघायची. शेवटचा घास घेऊन तिने रिकामं ताट त्याला दिसेल असं तिरकं धरलं. रोज तो पापण्या मिटून ठीक म्हणायचा. त्या दिवशी पापण्या हलल्या नाहीत. डोळे उघडेच होते, तिच्याकडं लागलेले. ती ताट धरून बसून राहिली.

तेवढ्यात चंद्रव्वा काढा घेऊन आली. तिने बाजेकडं बघितलं, मग उंबऱ्याकडं. जावेच्या हातात ताट होतं, बोटांना आमटी लागली होती आणि तिकडं दीर गेलेला होता. चंद्रव्वाने हंबरडा फोडला तो सगळ्या बोळात ऐकू गेला.

मठातून स्वामी आले. नागप्पाला भस्म लावून बसवलं, हार घातले. दिवस मावळायच्या आत त्याला माती दिली. तोवर पेठेत एकच बोलणं चालू होतं. नवऱ्याचा जीव चालला होता आणि बायको समोर बसून जेवत होती. नवरा उपाशी मेला आणि हिचं अंग भरलं, हे आता सगळ्यांनाच दिसू लागलं. गुरुलिंगनेही विचारलं, "काकी, हाक तरी मारायची की गं."

पंचाक्षरीच्या कानावर ते गेलं. तो तावातावाने आत आला. "वैनी, मी सांगतो समद्यांना. नदीत काय झालं ते मी डोळ्यांनी बघितलंय."

"सांगू नका," काशम्मा म्हणाली.

"का पण? आयुष्यभर बोलतील लोक."

"माझ्यापायी घास गिळला त्यांनी. जीव जाता जाता राह्यला. ते काय पेठेत सांगायची गोष्ट हाय?"



घरात चूल पेटणार नव्हती. संध्याकाळी शेजारच्या घरातून भाकरी आणि पिठलं आलं. बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. ताट आणणाऱ्या बाईने रीत म्हणून ते काशम्मासमोर ठेवलं, आणि रीत म्हणून ती आता नको म्हणेल, मग चौघी मिळून आग्रह करतील, याची सगळ्याजणी वाट बघू लागल्या. काशम्माने पदर सावरला, ताट जवळ ओढलं, आणि त्यांच्या देखत भाकरी मोडून खायला सुरुवात केली.