पुसण्याची परवानगी

गायत्रीने दुसरी डिस्क खाचेत सरकवली आणि खट् आवाज येईपर्यंत दाबली. मग ते फायली साठवायचं काळं यंत्र वायरने राउटरला जोडलं. कोइमतूरच्या शाळेतून निवृत्त होऊन ती तंजावूरला परतली, तेव्हापासून तिच्या मनात हेच होतं. घरातल्या सगळ्यांचे फोटो, आवाज, कागद एका जागी ठेवायचे आणि ज्याने त्याने आपापल्या घरून उघडून पाहायचे.

"माझंही घाल गं अक्का, सगळं." धाकट्या भावाने, राघवेंद्रने, आपली जुनी डिस्क टेबलावर ठेवली आणि तो कॉफी करायला आत गेला.

फायली एकेक करून यंत्रात उतरू लागल्या. 'आई – पाळणा'. तारीख तीन वर्षांपूर्वीची, आई गेली त्याच्या चार दिवस आधीची. गायत्रीने ती लावली.

आईचा थकलेला आवाज दोन कडवी गाऊन थांबला. रेकॉर्डिंग बंद करायचं राहून गेलं असावं.

"गायत्री कधी येते?"

"फोन केला होता, आई. तिला जमत नाही म्हणते." हा राघवेंद्रचा आवाज.

आई खोकली. मग, "असू दे. कामं असतील तिला."

गायत्रीचा हात माउसवर तसाच राहिला. त्या आठवड्यात ती रोज संध्याकाळी फोन करत होती. रोज राघवेंद्र सांगायचा, आई बरी आहे, धावत येऊ नकोस.

तो दारात उभा होता. हातातल्या कॉफीवरची साय सुरकुतली होती.

"तू आली असतीस तर ती तुझ्याबरोबर कोइमतूरला निघाली असती," तो म्हणाला. "बारा वर्षं मी सांभाळलं तिला. तोंडी नाव मात्र तुझंच."

गायत्रीने रेकॉर्डिंग थांबवलं.

"ते काढून टाक, अक्का. पोरं ऐकतील."

पडद्यावर यंत्र विचारत होतं, आणखी कुणाचं खातं उघडायचं? तिने राघवेंद्रचं नाव लिहिलं. खाली परवानग्यांची यादी आली. पाहता येईल, याच्यापुढे तिने खूण केली. ऐकता येईल, इथेही केली. पुसता येईल, ही चौकट तिने कोरी ठेवली.

मग कीबोर्ड त्याच्याकडे वळवला.

"पासवर्ड तुझा तूच टाक," ती म्हणाली.