पिवळ्या क्रेनची खूण

पडवीतून किर्रर्र असा आवाज आला आणि थांबला. सकाळच्या शांततेत तो जरा जास्तच मोठा वाटला. भाकरी उलटायला पुढे केलेला हात दर्शनाने तसाच धरला. बाहेर तिचे सासरे, काळुराम आप्पा, गळाच्या रीलना तेल देत होते. रील तीन होते, म्हणजे आवाज तीनदा यायला हवा होता. दुसऱ्यांदा आला. मग बराच वेळ काहीच नाही. भाकरीची कड करपायला लागली तेव्हा कुठे तिसरा आवाज आला आणि तिने भाकरी उलटली.

पावसाळाभर ती अशीच कान देऊन होती. जुलैत एकदा आप्पा डिझेल आणायला म्हणून कॅन घेऊन निघाले आणि दोन तासांनी रिकामा कॅन घेऊन परत आले. कुठे गेला होतात विचारलं, तर म्हणाले, "पाय मोकळं करून आलो." एकदा चहात मीठ पडलं. ते कुणाच्याही हातून पडतं, असं ती स्वतःला समजावत राहिली. पण त्यांनी तो चहा काही न बोलता पूर्ण प्यायला, ते तिच्या मनातून गेलं नाही.

तिचा नवरा महेंद्र उरणच्या बंदरात टगबोटीवर होता. पंधरा दिवस तिकडे, पंधरा दिवस घरी. काल फोनवर त्याने सरळच सांगितलं होतं.

"उद्या सीझनची पहिली ट्रिप आहे. तू बरोबर जा. बघ आप्पांना जमतंय का. मला फक्त हो किंवा नाही सांग. नाही असेल तर होडी गावातल्या पोपटकाकांना देऊन टाकू. दुसऱ्यांच्या जिवाचा प्रश्न आहे, दर्शू."

"आणि आप्पांना काय सांगणार?"

"ते मी आल्यावर बघतो."

तो काय बघणार होता, ते दोघांनाही माहीत नव्हतं. होडीशिवायचे आप्पा त्यांनी कधी पाहिलेच नव्हते.

भाकऱ्या फडक्यात बांधून ती पडवीत आली. आप्पांनी डोक्यावर ती निळी टोपी चढवली होती. पैसे देऊन होडीतून गळ टाकायला येणाऱ्या हौशी मंडळींनी तीन वर्षांपूर्वी दिलेली. तिच्यावर इंग्रजीत कॅप्टन लिहिलेलं होतं. आप्पांना ते वाचता येत नव्हतं, पण कुठली बाजू पुढे येते ते पक्कं माहीत होतं.

"कोळंबी घेतली, आप्पा? जिवंत?"

"घेतली ना गो. बारडीत उड्या मारते."

"मी पण येते आज."

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. "मासली बगाला, का मला बगाला?"

ती ओढणी कमरेला खोचत राहिली. "फोटो काढायला. पेजवर टाकायचेत. लोक फोटो बघूनच बुकिंग करतात."

"मंग टोपी पूस जरा. धूल बसली."

तिने टोपी पुसली. पाच वर्षांच्या मैथिलीला झोपेतच उचलून शेजारच्या कमळाबाईंकडे ठेवलं आणि दोघं कोलशेतच्या बंदराकडे निघाली.

नारळी पौर्णिमेला वाहिलेल्या नारळांची भिजलेली शेंडी अजून काठच्या चिखलात दिसत होती. होडीला नवा निळा रंग होता. सौमित्र आणि आनंद आधीच येऊन थांबले होते. सौमित्र बाळकुमला राहणारा, कंपनीत नोकरीला. आनंद विठ्ठलवाडीच्या एका शाळेत मास्तर, स्कूटरवर रॉड बांधून इतक्या लांब यायचा. दोघेही तीन वर्षं दर सीझनला पहिली ट्रिप आपलीच म्हणून धरून बसायचे.

"कॅप्टन, या वर्षी जिताडा दाखवा," सौमित्र म्हणाला. "गेल्या वर्षी नुसते शिंगाळे दाखवलेत."

"तुमचा गल बगून तोच येतो, मी काय करू?"

आनंद हसला. "बघ, मी म्हटलं होतं ना, तुझ्या गळातच दोष आहे."

आप्पांनी मशीन एका झटक्यात सुरू केली. होडी तिवरांच्या रांगेतून बाहेर निघाली आणि खाडी रुंद झाली. दर्शना होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर बसून त्यांच्याकडे पाहत होती. सुकाणूवरचा हात स्थिर होता. दोन ठिकाणी त्यांनी होडी वळवली. तिला तिथे पाणीच दिसत होतं, पण पुढे गेल्यावर मागे वळून पाहिलं तर तिथे गाळाची पाठ वर आलेली. अजून सगळं जागच्या जागी आहे, असं तिला वाटलं. भाकरीचा वास फडक्यातून येत होता. सकाळपासून पहिल्यांदा तिला भूक लागली.

जिताड्याची जागा एकच होती. रेती वाहणारा एक जुना पडाव, म्हणजे मोठी लाकडी होडी, कधीकाळी खाडीत बुडाला होता. त्याच्या फळ्यांच्या आडोशाला जिताडा बसतो. पडाव वरून दिसत नाही. तो शोधायचा तर काठावरच्या दोन खुणा एका रेषेत आणायच्या. एक खूण देवीच्या देवळाचा कळस. दुसरी पूर्वी एका कारखान्याचं धुराडं होतं. ते पाडलं तेव्हा आप्पांनी मागची नवी खूण धरली होती.

सौमित्रने पिशवीतून मासे दाखवणारं छोटं यंत्र काढलं.

"कॅप्टन, हे लावू का पाण्यात? खालचं सगळं दिसतं."

"खालचा दिसतो. पन कुठं बगाचा त्ये कोन दाखवील?"

त्यांनी मशीन मंद केली. मान वर करून काठाकडे पाहिलं. कळस दिसत होता. त्याच्या मागे बाळकुमच्या बाजूला तीन उंच इमारती उभ्या होत्या. आप्पांनी होडी थोडी पुढे घेतली, मग मागे. दोरीला बांधलेलं शिसं पाण्यात सोडलं, वर ओढलं. त्याला चिखल लागला होता. होडी पुन्हा वळली. पुन्हा चिखल.

तिसऱ्या फेरीला आनंदने रॉड मांडीवर आडवा ठेवला. आप्पांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली.

"कुठं गेली गो ती?"

"कोण, आप्पा?"

"क्रेन."

दर्शनाने फडक्याची गाठ सोडली आणि परत बांधली. तिला फोनवरचा महेंद्रचा आवाज आठवला. हो किंवा नाही.

"कुठली क्रेन?" सौमित्रने विचारलं.

"पिवली. कलसाच्या मागं. दोन वर्सं बगतोय मी."

सौमित्र मांडीवर थाप मारून हसला. "अहो कॅप्टन, ती आमच्या बिल्डिंगची क्रेन होती. बिल्डिंग झाली पूर्ण. जूनमध्ये पझेशन मिळालं आम्हाला. तो बघा, माझा चौदावा मजला. कपडे वाळत घातलेत ना, तो."

"म्हणजे तुझ्यामुळे जिताडा गेला," आनंद म्हणाला. "कर आता सोसायटीत तक्रार."

सगळे हसले. आप्पाही हसले, जरा उशिरा. दर्शनाने फडकं बाजूला ठेवलं. क्रेन खरंच होती. पावसाळाभर होडी वर ओढलेली. जून-जुलैत खाडीवर येऊन खूण कोण बघणार? उचलून नेता येणारी गोष्ट खूण म्हणून धरली, एवढीच चूक. ती त्यांची एकट्याची नव्हती, या काठावर आता न हलणारं राहिलंय तरी काय.

"पण क्रेन नेमकी कुठल्या बिल्डिंगला होती?" आनंदने विचारलं. "तिन्ही तर सारख्याच दिसतात."

सौमित्रला सांगता येईना. तो साइटवर दोनदाच गेला होता, तेही हेल्मेट घालून, बिल्डरच्या माणसामागून.

दर्शना उठून उभी राहिली. होडी डुलली.

दोन वर्षं ती त्याच क्रेनकडे बघून मैथिलीला भरवत होती. स्वयंपाकघराच्या खिडकीत तिला बसवायची आणि वरणभाताचा घास पुढे धरायची. हा घास चिऊचा, हा काऊचा, हा घास क्रेनचा. क्रेनच्या घासाला पोरीचं तोंड आपोआप उघडायचं, इतकं मोठं, की क्रेनच वाकून आत बघेल. शेवटचा घास उरला की दोघी थांबायच्या. क्रेनचा हात वळून इमारतीच्या फटीवर आला की तो घास जायचा. पोरगी आपल्या हाताने जेवायला लागली तसं तिचं तिकडे बघणंच सुटलं होतं.

"मधली आणि उजवीकडची, आप्पा," ती म्हणाली. "त्या दोघींच्या मधे फट आहे ना, तिथे उभी असायची. उजवीला टेकून. फट कळसावर आणा."

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं, मग फटीकडे. होडी हळूहळू सरकली. फट कळसाच्या मागे आली, थोडी पुढे गेली, परत आली. त्यांनी शिसं सोडलं. दोरी त्यांच्या बोटांतून घसरत गेली आणि थांबली. दोरी तशीच तिच्या हातात दिली. तिने शिसं जरासं उचलून सोडलं. खोल खालून, दोरीतून, तिच्या बोटाला लाकडाची ठक लागली.

"लागला?"

"लागला, आप्पा."

नांगर टाकला. भरतीचं पाणी चढायला लागलं तसे दोघांनी कोळंबी लावून गळ टाकले. अर्ध्या तासाने आनंदचा रील एकदम किर्रर्र करत सुटला. सकाळी पडवीत ऐकलेला तोच आवाज, पण न थांबता. आप्पा उठले नाहीत. बसल्या जागेवरून सांगत राहिले.

"सोड. जाऊ दे त्याला. आता धर. ओढू नको मास्तर, ती काय शालेची घंटा हाय? दमू दे."

जिताडा वर आला तेव्हा उन्हात त्याची पाठ तांब्यासारखी चमकली. सहा किलोचा तरी असेल. दर्शनाने फोटो काढले. आप्पा टोपीची बाजू नीट करून आनंदच्या शेजारी बसले.

"सोडायचा ना आता?" आनंदने विचारलं. मासा पकडायचा, फोटो काढायचा आणि परत सोडायचा, हा त्या दोघांचा नेम होता.

"सीझनचा पैला हाय. पैला सोडत नाय. इकत पन नाय. वाट्याचा असतो." आप्पा बोटं मोजायला लागले. "डोका देवलात. एक वाटा पोपटला, त्याचा बाप या होडीवर होता. एक कमलाबाईला. दोन तुमाला. एक महेंद्रला, बर्फात ठेवाचा, गुरवारी येतोय तो. शेपटीकडचा मैथूला, काटा काढून."

एक नाव चुकलं नाही. महेंद्र गुरुवारी येणार, हेसुद्धा. दर्शनाने फोन काढला आणि लिहिलं: हो. आप्पा ठीक आहेत. लगेच उत्तर आलं: बरं झालं. पोपटकाकांना नाही म्हणून कळवतो. तिने फोन कमरेला खोचला आणि भाकरी सगळ्यांना अर्धी अर्धी वाटली.

परत आल्यावर सौमित्र आणि आनंद आपापले वाटे घेऊन निघून गेले. कमळाबाई मैथिलीला बंदरावर घेऊन आल्या. पोरीने अजून तोंडही धुतलं नव्हतं.

"पोरगी ऐकतच नाय," कमळाबाई म्हणाल्या. "आबाची होडी आली, आबाची होडी आली. तुमीच सांभाला आता." आणि आपला वाटा घेऊन त्या गेल्या.

आप्पांनी नातीला उचलून होडीत घेतलं आणि दोरी ताणली जाईपर्यंत होडी मागे ढकलली. दर्शना काठाशी बसून बादली घासत होती. त्यांचं बोलणं तिला स्वच्छ ऐकू येत होतं.

"आता तू शिकायचा. तुज्या बापाला नाय शिकता आला, त्याला मोठी बोट पायजे. हितं माझ्या बोटावर बग. काय दिसतंय?"

"देऊळ."

"देवलाचा काय?"

"वरचं सोनेरी."

"कलस. बराबर. आता त्याच्या मागं. वर बग, अजून वर. पिवली क्रेन. दिसली? तिचा हात बग कसा फिरतो. तो हात कलसावर आला, का खाली जिताडा."

दर्शनाचा हात बादलीत थांबला. तिने मान वर केली. बाळकुमच्या आभाळात तीन इमारती होत्या आणि त्यांच्या मधल्या फटीत नुसती स्वच्छ निळाई.

मैथिली डोळे बारीक करून बराच वेळ त्या दिशेला बघत राहिली. मग तिने आबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते वाट बघत होते.

"दिसली, आबा," ती म्हणाली.

"शाबास. माजी कॅप्टन." त्यांनी टोपी काढून तिच्या डोक्यावर ठेवली. ती तिच्या नाकापर्यंत आली.

होडी परत काठाला ओढून ते दोरी बांधायला वाकले तशी मैथिली काठावर उतरली. एका हाताने टोपी धरून दर्शनापाशी आली आणि तिच्या कानाला तोंड लावलं.

"आई, क्रेन तर नेली ना? मी आणि आबांनी गच्चीवरून बघितली. तुकडे करून ट्रकमध्ये घातली. आबांनी टाटापण केला." तिचा श्वास कानाला गरम लागत होता. "मग आता आबांना कुठली दिसते?"